मंगळवारचा नमुना

नळीवर नाव नसतं, फक्त आकडा.
तरी रोसविटाला कळतं कुणाचं रक्त आलंय.
"योस्टचं," ती म्हणते, "बघ, कोणी जागचं हलत नाही."

योस्ट सात वर्षांचा. मानेच्या दोन्ही अंगांना गाठी,
आधी सुपारीएवढ्या, आता लिंबाएवढ्या.
प्लीहा बरगडीखालून खाली उतरलेली,
म्हणून फुटबॉल बंद.
फ्रायबुर्गच्या रस्त्याकडेनं वाहणाऱ्या अरुंद पाटांत
तो दोरीला बांधलेली लाकडी होडी ओढत हिंडतो, तेवढंच.

आजार असा नाही की काही मरतंय.
मरायचं ते मरत नाही, हा आजार.

सर्दीचा विषाणू येतो,
पेशी लाखांनी वाढतात, लढतात, जिंकतात.
मग कुणीतरी सांगायला लागतं:
झालं काम, निघा.
निरोप घेऊन एक प्रथिन दारावर थाप मारतं.
दाराशी असतं फास, एकटं नाही, तिघं मिळून.
तिघांची जुळणी झाली
की आतल्या बाजूला बैठक मांडली जाते
आणि कॅस्पेज नावाच्या कात्र्यांची टोपणं निघतात.
मग घरच्यांनीच घर आवरावं तसं सगळं:
डीएनए मापानं कापलेला,
भिंतींची लहान लहान गाठोडी,
बाहेरच्या अंगाला खूण, "उचला".
शेजारची भक्षक पेशी येऊन गिळून टाकते.
पू नाही, दाह नाही, ओरडा नाही.

प्राध्यापक सांगतात, या मरणाचं नाव ग्रीक, पानगळीवरून आलेलं.
मला पटत नाही. पान स्वतःची घडी घालत नाही.
ऑक्टोबरात इथे पालिकेची माणसं
पानं उडवायची यंत्रं पाठीला लावून येतात,
दिवसभर भुणभुण.

योस्टच्या फासमध्ये एक अक्षर चुकलंय.
निम्मी प्रथिनं धड, निम्मी वाकडी,
आणि तिघांत एक वाकडा आला तरी काम फिसकटतं.
आठ त्रिकुटांत एखादंच कामाचं.
हे गणित मी कागदावर मांडून पाहिलं.
रोसविटाला मांडायची गरज पडली नाही.
ती तीन भावंडं आहेत,
वडिलांचं शेत अजून विकलं गेलेलं नाही.

आतून दुसरा रस्ता आहे, तो शाबूत आहे.
पेशी उपाशी पडली की बिम जागं होतं,
बीसीएल-टू नावाच्या रखवालदाराला मिठी मारून बसतं,
रखवालदार अडकला
की बॅक्स मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडतं.
पण जुन्या लढवय्यांना तेवढं पुरत नाही.
ते गाठींत बसून राहतात,
आणि काम नसलं की
आपल्याच रक्तपेशींशी भांडण उकरून काढतात.

आईचं रक्त मागवलं. गेझीना,
बेकरीत पहाटे चारला कामावर जाणारी.
तेच अक्षर, तीच चूक.
मला कधी काही झालं नाही, ती म्हणाली.
पुढच्या खेपेला शाळेचे वर्गफोटो घेऊन आली,
दुसरीपासून सहावीपर्यंतचे:
प्रत्येकात गळ्याला रुमाल, जूनच्या उन्हातसुद्धा.
"मला वाटायचं, माझ्या आईला रुमाल आवडतात."
आम्ही तिघंही बराच वेळ
त्या फोटोंतल्या इतर मुलांकडे बघत राहिलो.

आमच्या भाषेत निघताना 'जातो' म्हणत नाहीत.
'येतो' म्हणायचं,
मग दारात उभं राहून अर्धा तास बोलायचं.
या पेशी माझ्याच बोलीतल्या असाव्यात:
येतो येतो म्हणतात, चपला घालतात,
परत आत येऊन बसतात.

औषधाचा आज चौथा महिना,
दूरच्या एका बेटावरच्या मातीतल्या जिवाणूचं औषध.
गाठी पुन्हा सुपारीकडे निघाल्यात, डॉक्टर म्हणतात.
आम्हाला गाठी दिसत नाहीत. पडदा दिसतो,
त्यावर आखलेला एक चौकोन,
मागच्या महिन्यात ठिपक्यांनी गच्च भरलेला.
आज मध्ये मध्ये पांढरं आहे,
आणि कडेला थोडे हिरवे ठिपके, निघालेले.

रोसविटा चष्मा कपाळावर चढवते.
"चालले बघ," म्हणते.
मी सवयीनं बोलून जातो, "या,"
आणि जीभ चावतो.